कीबोर्ड शॉर्टकट : यादी पाठ करण्याआधी कळांचे काम समजून घ्या

संगणकावर मजकूर लिहिताना किंवा दुरुस्त करताना बराच वेळ कीबोर्डवरचा हात माऊसकडे नेण्यात, पॉइंटर नेमक्या अक्षरापाशी आणण्यात आणि हात पुन्हा जागेवर आणण्यात खर्च होतो. शॉर्टकट शिकायचे ते ही ये-जा वाचवण्यासाठी. त्यांच्या लांबलचक याद्या सगळीकडे मिळतात, पण त्या पाठ करण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. पाठ केलेले शॉर्टकट ऐन कामात आठवत नाहीत. कंट्रोल आणि शिफ्ट या दोन कळांचे काम एकदा उमगले, तर अनेक शॉर्टकट न शिकवताही सुचू लागतात.

सुरुवात मजकुरात फिरण्यापासून करावी, कारण सर्वाधिक लाभ तिथेच आहे. बाणाची कळ कर्सरला एक अक्षर सरकवते. कंट्रोल दाबून धरून तीच कळ दाबली, तर कर्सर एक शब्द ओलांडतो. होम आणि एंड या कळा ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला नेतात, तर कंट्रोलच्या जोडीने त्याच कळा संपूर्ण मजकुराच्या दोन टोकांना पोहोचवतात. म्हणजे कंट्रोल झेप मोठी करते. शिफ्टचे काम निवडण्याचे आहे : ती दाबून धरली असता कर्सर जिथून जिथे जाईल, तेवढा मजकूर निवडला जातो. आता कंट्रोल, शिफ्ट आणि उजवा बाण एकत्र दाबल्यास काय होईल, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढचा शब्द निवडला जातो.

मराठी लिहिणाऱ्यांनी कंट्रोल आणि बॅकस्पेस ही जोडी आवर्जून अंगवळणी पाडावी. बहुतेक प्रोग्राममध्ये देवनागरी मजकुरावर बॅकस्पेस दाबली की काना, मात्रा, हलन्त असे एकेक चिन्ह खोडले जाते; त्यामुळे ‘क्षत्रिय’ हा छोटासा शब्द पुसायलाही ती आठ वेळा दाबावी लागते. कंट्रोलच्या जोडीने अख्खा शब्द एकदम जातो. विंडोजमध्ये मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही कीबोर्ड बसवलेले असतील, तर विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबल्यावर भाषा बदलते.

कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे या क्रियांना आजचे रूप देण्यात संगणकशास्त्रज्ञ लॅरी टेस्लर यांचा मोठा वाटा आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पॅलो अल्टो येथील संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्यासह हे काम केले. त्यासाठी कंट्रोलच्या जोडीने दाबायच्या अनुक्रमे एक्स, सी आणि व्ही या कळा, तसेच केलेली कृती मागे घेणारी झेड, इंग्रजी कीबोर्डच्या खालच्या ओळीत शेजारी शेजारी आहेत, म्हणून डाव्या हातानेच चारही कामे होतात. दुसरीकडून आणलेल्या मजकुराबरोबर त्याचा फॉन्ट आणि रंगही येत असेल, तर अनेक प्रोग्राममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही दाबल्यास केवळ अक्षरे येतात. विंडोज १० आणि ११मध्ये विंडोज व व्ही दाबल्यास, ती सोय चालू केलेली असेल तर, आधी नक्कल केलेल्या गोष्टींची यादी उघडते. ही सोय फार उपयोगी आहे, मात्र नक्कल केलेला पासवर्डही त्या यादीत दिसू शकतो, म्हणून सामायिक संगणकावर ती बंदच ठेवावी.

खिडक्या बदलण्यासाठी ऑल्ट आणि टॅब पुरेसे आहेत. ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत मिळतो, आणि कंट्रोल व एल दाबल्यावर कर्सर थेट पत्त्याच्या पट्टीत जातो. जागेवरून उठताना विंडोज आणि एल दाबून संगणक कुलूपबंद करण्याची सवय मात्र प्रत्येकाने लावून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

एक्सेलमध्येही तेच व्याकरण चालते. कंट्रोल आणि खालचा बाण सलग भरलेल्या रकान्याच्या तळाशी नेतो, आणि शिफ्ट जोडली की तिथपर्यंतचा सारा भाग निवडला जातो. मॅकवर नक्कल करणे, चिकटवणे यांसाठी कंट्रोलऐवजी कमांड वापरावी लागते, तर शब्दाशब्दाने सरकण्यासाठी ऑप्शन.

पुढचे शॉर्टकट स्वतःच्या कामातून निवडावेत. दिवसभरात कोणत्या आज्ञेसाठी हात वारंवार माऊसकडे गेला ते पाहावे आणि मेनू उघडून त्या आज्ञेच्या उजवीकडे पाहावे. तिचा शॉर्टकट बहुधा तिथेच लिहिलेला असतो. एका वेळी दोन-तीनच घ्यावेत आणि ते हातात बसेपर्यंत त्या कामासाठी माऊस टाळावा. ज्यांना एकाच वेळी अनेक कळा दाबून धरणे कठीण जाते, त्यांनी विंडोजमध्ये शिफ्ट सलग पाच वेळा दाबून ‘स्टिकी कीज’ची सोय चालू करून घ्यावी, मग कंट्रोल, शिफ्ट यांसारख्या कळा एकामागून एक दाबल्या तरी शॉर्टकट चालतो.