पदेराचा भोंगा: शब्बाथशाळेत ‘प्रकटीकरण’ कसं शिकवावं

मी मूळची नगरची. १९८८ साली नवऱ्याच्या बंदरातल्या नोकरीमुळे गोव्यात वास्कोला आले, आणि नर्सिंगच्या ड्युट्या सांभाळत घरीच मराठी मुलांची शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा बायबलचा वर्ग, सुरू केली. यंदा दोघी नव्या शिक्षिकांनी विचारलं, ‘मावशी, देव स्वतःची ओळख कशी देतो, हा पाठ कसा घ्यायचा?’ फोनवर सांगताना प्रत्येक वेळी कुकरची शिट्टी मध्ये आली, म्हणून लिहूनच काढते. मुलं नऊ ते चौदा वयाची धरली आहेत. चार रविवार हाताशी ठेवा. एका रविवारात उरकायला गेलात तर मुलांच्या हाती नुसती व्याख्या लागेल.

आधी शब्दाचा घोळ मिटवा. ‘आज प्रकटीकरण’ म्हटलं की निम्मी मुलं पवित्र शास्त्राचं शेवटचं पुस्तक उघडतात आणि सात डोक्यांच्या अजगरात रमतात. ते पुस्तक बंद करायला लावा आणि डाळीचं झाकलेलं पातेलं समोर ठेवा. मूळ ग्रीक शब्द अपोकालिप्सिस, म्हणजे झाकण काढणं. पुस्तकाचं नावही त्यावरूनच पडलं. मग विचारा, आत काय आहे? मुलं वास घेतात, पातेल्याला हात लावून बघतात, अंदाज बांधतात. झाकण मात्र तुम्हीच काढा, मुलांना काढू देऊ नका. ख्रिस्ती विश्वासात झाकण देवच काढतो. माणूस शोधत शोधत त्याच्यापर्यंत पोहोचला असं आपण म्हणत नाही, तो आधी बोलला असं म्हणतो. पुढचे सगळे रविवार या एका गोष्टीवर उभे आहेत, त्यामुळे इथे घाई नको.

दाखल्यासाठी मी पदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, वापरते. नगरच्या मुलांना हे सांगून कळलं नसतं, इथल्यांना लगेच कळतं. सकाळी सायकलचा भोंगा वाजला की अंथरुणातूनच समजतं, पदेर आला. रोज येतो म्हणजे माणूस नेमाचा. पोई (इथला गोल पाव) गरम आहे म्हणजे भट्टी जवळच असणार. न बघताही इतकं कळतं. पण त्याचं नाव काय? मुलगी कितवीत आहे? आपल्याविषयी त्याला काय वाटतं? भोंगा कितीही लक्ष देऊन ऐका, हे कळणार नाही. तो सायकल टेकवून दोन शब्द बोलेल तेव्हाच कळेल. भोंग्यावरून कळतं त्याला धर्मशिक्षणात सामान्य प्रकटीकरण म्हणतात आणि बोलण्यातून कळतं त्याला विशेष प्रकटीकरण. मुलांना ही नावं तिसऱ्या रविवारी सांगितली तरी चालतं. (एकदा एका मुलाने विचारलं, पदेर पैसे घेतो, देवही घेतो का? दाखला कुठे थांबतो हे मुलं आपल्याआधी ओळखतात. ‘इथे थांबला’ असं सरळ कबूल करावं.)

पहिल्या रविवारी भोंगा ऐकवा. आम्ही वास्कोतल्या बायण्याच्या किनाऱ्यावर जातो. एकोणिसावं स्तोत्र तिथेच वाचायचं. आकाश देवाचा महिमा वर्णन करतं, आणि तेही शब्दांवाचून. प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात पहिल्या अध्यायाच्या विसाव्या वचनात हेच लिहिलंय, की देवाचं सामर्थ्य अदृश्य असलं तरी त्याने घडवलेल्या वस्तूंवरून कळून येतं. दुसऱ्या अध्यायात तो सदसद्विवेकाकडे वळतो. शास्त्र ज्यांच्या हाती नाही त्यांच्याही मनावर काहीतरी लिहिलेलं आहे, असं तो म्हणतो. एवढं पुरे. नंतर मुलांना खेळू द्या.

पण एक प्रश्न येणारच, त्याची तयारी ठेवा. आमच्याकडे एका रापणकाराचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या कोळ्याचा, नातू येत असे. तो म्हणाला, ‘समुद्रात देव दिसतो, मग होडी बुडवतो तो कोण?’ मी तेव्हा गुळमुळीत काहीतरी बोलले, आणि ते त्याला पटलं नाही हे तोंडावर दिसत होतं. आता मी त्या प्रश्नावरूनच पुढच्या पाठाकडे जाते. नुसत्या समुद्रावरून देव मोठा आहे हे कळेल, तो चांगला आहे की नाही हे ठरणार नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारक कॅल्व्हिनने शास्त्राला चष्म्याची उपमा दिली. अधू नजरेच्या माणसासमोर पुस्तक धरलं तर अक्षरं आहेत एवढं दिसतं, चष्मा लावला की वाचता येतं. वर्गात कुणाच्या तरी आजीचा चष्मा फिरवा, मुलांना फार आवडतं. फक्त परत मोजून घ्या.

दुसऱ्या रविवारी बोलणारा देव. निर्गमाचा तिसरा अध्याय पुरा वाचा, गाळू नका. मोशे देवाला शोधायला निघालेला नव्हता, सासऱ्याची मेंढरं चारत होता. झुडूप पेटलंय पण जळत नाही, म्हणून बघायला गेला, आणि नावाने हाक आली. त्याने नाव विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, ‘मी आहे तो आहे.’ मुलं म्हणतात, हे कसलं नाव! म्हणू द्या. त्याच अध्यायात देव म्हणतो की मी माझ्या लोकांचा आक्रोश ऐकला आहे. त्या रापणकाराच्या नातवाला मी हे वचन तेव्हाच दाखवायला हवं होतं.

त्यानंतर एलीया संदेष्टा, १ राजे, एकोणिसावा अध्याय. वारा, भूकंप, अग्नी, आणि या तिन्हींत परमेश्वर नव्हता. मग मंद वाणी. इथे पंखा बंद करा आणि अगदी हळू आवाजात वाचा. मे महिन्यात घाम येईल, पण मिनिटभर कुणी चुळबुळ करत नाही.

इथेच माझ्या हातून मोठी चूक झाली होती. एलीयाच्या पाठानंतर उत्साहात मी मुलांना सांगितलं, ‘आज रात्री शांत बसा, देव तुमच्याशीही बोलेल.’ पुढच्या रविवारी दहा वर्षांची एक मुलगी आलीच नाही. आईने सांगितलं, दोन रात्री जागी राहिली, मग रडायला लागली, की देवाला मी आवडत नाही, माझ्याशी बोलला नाही. मी तिच्या घरी गेले, मांडीवर घेऊन बसले. मुलांना आवाजाचं, स्वप्नाचं, दृष्टांताचं आश्वासन कधीच देऊ नका. कुणी पोर्तुगालातल्या फातिमा गावी १९१७ साली झालेल्या मरियेच्या दर्शनाबद्दल विचारेल. गोव्यात त्या मरियेची मूर्ती बऱ्याच घरांत आहे. कॅथलिक शिकवणही हेच सांगते, की अशी खाजगी दर्शनं ख्रिस्तात जे प्रकट झालं त्यात भर घालत नाहीत. इतकं सांगून पुढे चला.

तिसरा रविवार येशूचा, आणि यात माझा जीव सर्वांत जास्त रमतो. इब्री लोकांस पत्राची सुरुवात घ्या. पूर्वी देव संदेष्ट्यांच्या द्वारे अंशाअंशांनी बोलला, आता पुत्राच्या द्वारे बोलला. मग योहान, पहिला अध्याय, चौदावं वचन: शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. ‘वस्ती’ या शब्दावर थांबा. आमची बहुतेक मुलं वस्तीतच राहतात. नळ किती वाजता येतो, भांडण कुणाकडे चाललंय, सगळं भिंतीपलीकडून कळतं. मूळ ग्रीक क्रियापदात तंबू ठोकण्याचा अर्थ आहे. म्हणजे पदेर नुसता बोलून गेला नाही, आपल्या चाळीत राहायला आला. चौदाव्या अध्यायात फिलिप्प म्हणतो, आम्हाला पिता दाखव. उत्तर येतं, ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. मुलांना विचारा, मग येशूने काय काय केलं ते आठवा. कुष्ठरोग्याला हात लावला, जकातदाराकडे जेवला, मित्राच्या कबरेपाशी रडला. फळ्यावर लिहीत जा आणि वर शीर्षक द्या: ‘देव असा आहे.’

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. आमच्या मुलांचे शाळासोबती बहुतेक कॅथलिक, त्यामुळे ‘तुमचं खरं की त्यांचं’ हे येतंच. सरळ सांगा. आम्ही प्रोटेस्टंट शास्त्रालाच शेवटचा शब्द मानतो. १९६५ साली कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं की शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेली परंपरा एकाच झऱ्यातून येतात. फरक खरा आहे, लपवू नका. पण देव आधी बोलला आणि येशूत पुरता बोलला, यावर दोघांचं एकमत आहे हेही त्याच दमात सांगा.

आणि रायतूरची गोष्ट जरूर सांगा. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट (कॅथलिक मिशनरी संघाचा माणूस) १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तापर्यंतची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली, जवळजवळ अकरा हजार ओव्या. १६१६ साली ते ‘ख्रिस्तपुराण’ सासष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं, तेही रोमी लिपीत. घरी मराठी, बाहेर कोंकणी, शाळेत इंग्रजी असलेल्या मुलांना यात गंमत वाटते. लगेच प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय काढा. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. मग एकेका मुलाला घरच्या बोलीत ‘देव माझ्याशी बोलला’ म्हणायला लावा. आमच्याकडे कन्नड, तेलुगूही निघते.

चौथ्या रविवारी नवीन काही शिकवायचं नाही. लूक, चोविसावा अध्याय, अम्माऊसची वाट. दोघं शिष्य पुन्हा जिवंत झालेल्या येशूसोबत वाट चालले, तो शास्त्र उलगडून सांगत होता, मन आतून पेटत होतं, तरी ओळखलं नाही. घरी आल्यावर त्याने भाकर मोडली तेव्हा ओळखलं. त्या दिवशी सकाळी भोंगा वाजला की खाली जा आणि मुलांच्या संख्येपेक्षा पाच पोया जास्त घ्या, भावंडं येतातच. पदेराला नाव विचारून ठेवा, मुलं विचारणार. दुपारपर्यंत पोई थोडी वातड होते, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सुरी नको, हातानेच मोडायची. वाचन संपल्यावर लगेच बोलू नका. आधी सगळ्यांना खाऊ द्या.