घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे: जागा आणि रस्त्याच्या वादात या चुका टाळा

जागेचा वाद घेऊन येणाऱ्या माणसाच्या पिशवीत एक कागद हमखास असतो, तो म्हणजे ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा. बहुतेक वेळा तो लॅमिनेट केलेला असतो, कारण घरातल्या सगळ्यांना तोच मालकीचा पुरावा वाटतो. गेली काही वर्षं मी गावातल्या लोकांना अर्ज लिहून देतो. सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजाने होताना पाहिलं आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी मालकाकडून घेता येते, तशी भोगवटादाराकडूनही घेता येते. म्हणजे घरात राहतं कोण आणि पट्टी कोणाकडून वसूल करायची, एवढंच या वहीला कळतं. गायरानात, म्हणजे गुरं चारायला राखलेल्या सरकारी जमिनीत, बांधलेल्या घरालाही नंबर पडतो, पट्टी लागते आणि पावती मिळते. त्या पावतीने खालची जमीन त्या माणसाची होत नाही. कर आकारणीच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. शहरातही तेच. महापालिका बेकायदा बांधकामावर शास्तीकर, म्हणजे दंडाचा कर, लावते. पिंपरी-चिंचवडकरांना हा शब्द चांगला परिचयाचा आहे. पण तो भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

यात आणखी एक गोंधळ आहे. तलाठ्याकडे मिळणारा गाव नमुना आठ-अ हा वेगळाच कागद. त्यात एका खातेदाराच्या नावावरची शेतजमीन एकत्र दिसते. बोलताना दोन्हींना ‘आठ-अ’ म्हणतात आणि लोक एकाच्या जागी दुसरा जोडून मोकळे होतात. गावठाणातल्या घरासाठी खरा भर द्यायचा तो मिळकत पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, शिवाय सनद (शासनाने दिलेला हक्काचा दाखला), खरेदीखत आणि नोंदणीकृत वाटणीपत्रावर. २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. तुमच्या गावात हे काम झालं असेल तर पत्रिकेवरचं नाव आणि क्षेत्र आजच तपासा. चूक दिसली तर भूमी अभिलेख कार्यालयात लेखी हरकत द्या. ग्रामसेवकाला तोंडी सांगून ठेवलं, एवढं पुरत नाही.

रस्ता कोणाचा, हे न पाहता केलेली तक्रार

खड्डा असो, गटार असो की कोणी रस्त्यावर ओटा बांधलेला असो, अर्ज सरपंचांच्या नावे जातो आणि तिथेच पडून राहतो. ढोबळमानाने ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. गावातल्या गल्ल्या ग्रामपंचायतीच्या. अर्जात रस्त्याचा प्रकार आणि क्रमांक लिहिला की कागद योग्य टेबलावर पोचतो.

शेतातल्या वाटेचा वाद असेल तर आधी गावनकाशा काढा. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एक तुटक रेष म्हणजे पायमार्ग. नकाशात वाट नसेल आणि बांधावरून जायला रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायचा. असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. हे दोन वेगळे अर्ज आहेत. चुकीच्या कलमाखाली गेलात तर वर्ष जातं आणि पेरणीही जाते.

गायरानाचं थोडक्यात सांगतो. ते शासनाचं असतं, पंचायत ते सांभाळते. मासिक सभेच्या ठरावाने ते कोणाला देता येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले आणि त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने शासन निर्णय काढला. पंचायतीच्या स्वतःच्या मिळकतीचंही तेच. तिची विक्री किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा करायचा तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. पंचायतीचा गाळा पिढ्यान्‌पिढ्यांसाठी घेतला असं समजून त्यात पैसे ओतण्याआधी ती मंजुरी डोळ्यांनी पाहा.

शंभराच्या स्टॅम्पवरचं सम्मतीपत्र

ही चूक माझ्या घरातच झाली. रस्ता रुंद होणार म्हणून मामांकडे चार माणसं आली. गावाचं काम आहे, नाही म्हणू नका, असं म्हणाली. मामांनी सही केली. कागदावर किती फूट, कुठून कुठपर्यंत, मोबदला सोडला की राखून ठेवला, यातलं काहीच नव्हतं. खडी पडल्यावर कळलं की विहिरीचं कडं रस्त्यात गेलं आहे. मामा आजही त्या विहिरीकडे पाहून गप्प होतात.

रस्त्याला जागा देणं चांगलं आहे, द्यावीच. पण ती मोजून द्यावी. भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणी नकाशाची प्रत, घ्या. सम्मतीपत्रात गट नंबर, लांबी, रुंदी आणि क्षेत्र लिहा, नकाशा जोडा, मोबदल्याबद्दल स्पष्ट वाक्य घाला. विनामोबदला द्यायची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. स्थावर मिळकतीचं दान नोंदणीशिवाय होत नाही.

आणि न विचारताच जागा घेतली असेल तर ‘आता काय उपयोग’ म्हणून बसू नका. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मूलभूत राहिला नाही, पण कलम ३००-अ खाली तो घटनात्मक हक्क आहे. हिमाचल प्रदेशात १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी संपादनाशिवाय घेतलेल्या जमिनीचा मोबदला द्यायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. सरकार आपल्याच नागरिकाविरुद्ध प्रतिकूल कब्जा, म्हणजे इतकी वर्षं ताबा आहे म्हणून मालकी, सांगू शकत नाही, असं बजावलं. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात न्यायालयाने याहून पुढे जाऊन सांगितलं की नुसता मोबदला पुरत नाही. नोटीस, हरकतीची सुनावणी, कारणांसह निर्णय, सार्वजनिक प्रयोजन हेही पाळावं लागतं.

नोटीस आली की फाडू नका, वाचा

आधी कलम पाहा. पंचायतीची असेल तर बहुधा ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम ५३. रस्त्यावरचं किंवा मोकळ्या सार्वजनिक जागेवरचं अतिक्रमण पंचायत काढू शकते, पण जागा शासनाची असेल तर आधी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची परवानगी हवी. ती घेतली आहे का, हे उत्तरात विचारा. कारवाईविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील आहे.

विनापरवाना बांधकामाची नोटीस प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली असते. कलमाचा आकडा तोच, कायदा वेगळा. इथे नोटिशीच्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. मुदत गेली की ही वाट बंद होते.

पाडकामाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा अर्धा भाग वाचून लोक निर्धास्त बसतात. पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस हवी, हे खरं आहे. पण रस्ता, पदपथ, नदीपात्र, तलाव, रेल्वेमार्गालगतची जागा अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण नाही. तेव्हा तुमची भिंत तुमच्या जागेत आहे की रस्त्यात, हे मोजणीने ठरवणं हे पहिलं काम. उत्तर लेखी द्या आणि पोच घ्या.

जागेवरचं आरक्षण आपोआप उठत नाही

विकास आराखड्यात जागेवर शाळा, बाग किंवा रस्ता पडला, दहा वर्षं झाली, म्हणजे जागा मोकळी, असं याच नगररचना अधिनियमाचं कलम १२७ म्हणत नाही. दहा वर्षांनंतर मालकीची कागदपत्रं जोडून तुम्हीच नोटीस द्यायची असते. त्या दिवसापासून प्राधिकरणाला २४ महिने मिळतात. तेवढ्यात संपादन झालं नाही, संपादनाची खरी पावलंही उचलली नाहीत, तरच आरक्षण संपतं. लोक बारा-पंधरा वर्षं वाट पाहतात आणि नोटीसच दिलेली नसते. नोटीस देताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि आराखड्याचा भाग नकाशा जोडा. कागद अपुरे म्हणून नोटीस परत आली, तर ती २४ महिन्यांची मुदत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजण्याची वेळ येऊ शकते.