नवी थार बघायला जाताय? आधी गाडीखाली वाका

शोरूममध्ये गेलं की पहिली स्क्रीन दाखवतात, मग क्रूझ कंट्रोल, आणि आपण पण तिथेच अडकतो. 2020 मध्ये महिंद्राची थार नव्याने आली तेव्हा जुन्या जीपवाल्यांना एसी, ऑटोमॅटिक, पुढे तोंड करून बसायच्या मागच्या सीट हे सगळं हवंच होतं, फक्त खालची गाडी जीपच राहायला हवी होती. तुम्ही पण तीच अट धरून गाडी बघा.

पहिलं म्हणजे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी आहे ना ते बघा. 2023 पासून रिअर व्हील ड्राइव्ह (ताकद फक्त मागच्या चाकांना) थार पण मिळते, लांबून सेम दिसते, शहरासाठी मस्त आहे, पण तिला लो रेंज, म्हणजे अगदी हळू पण जास्त जोरात ओढणारे गिअर नाहीत, त्यामुळे चिखलात चढायचं असेल तर किंमत बघून तिकडे वळू नका. गिअर लिव्हरच्या शेजारी फोर बाय फोरचा दुसरा छोटा लिव्हर दिसला पाहिजे. पाच दरवाज्यांच्या थार रॉक्सला त्याजागी बटण आहे, काम तेच करतं, पण मला लिव्हरच आवडतो, गिअर बसला की हाताला कळतं.

टेस्ट ड्राइव्हला कच्चा रस्ता मागाच, लाजायचं नाही. मॅन्युअल असेल तर गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये फोर एल (फोर बाय फोरची लो रेंज) टाका, पहिला गिअर टाका आणि उतारावर क्लच-ब्रेक दोन्हीवरचा पाय काढा, इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ती मुंगीच्या पावलाने खाली येते, ही खरी परीक्षा. कोरड्या डांबरावर मात्र फोर एचमध्ये (फोर बाय फोरची नेहमीची, हाय रेंज) वळवू नका, वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि हा फरक सोसणारं डिफरेन्शियल मध्ये नाही, त्यामुळे सगळा ताण ट्रान्समिशनवर येतो.

मग खाली वाका. मागे अख्खा ॲक्सल आहे, पण जुन्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागी कॉइल स्प्रिंग आलेत, म्हणून चाक खड्ड्यात खाली जातं आणि पाठ पण वाचते, हा बदल मला सगळ्यात मोठा वाटतो. मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा मेकॅनिकल लॉकर तुम्ही घेताय त्याच व्हेरियंटला आहे का ते लेखी विचारा. एक चाक हवेत गरगरायला लागलं की तो आपोआप लॉक होतो आणि जमिनीवरच्या चाकाला ताकद मिळते, ब्रेक लावून हेच काम करणारी सिस्टीम त्यामानाने हळू वाटते.

कंपनीचे आकडे असे: ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची) 226 मिमी, पुढचा अँगल, म्हणजे बंपर न घासता किती उभा चढ घेता येतो तो, 41.8 अंश, उतरताना मागचा 36.8, आणि 650 मिमी खोल पाण्यापर्यंत जाते. हे आकडे आपणच घालवतो, लांब फूटस्टेप लावला की पोटाला दगड लागतो, जड बंपर लावला की पुढचा अँगल गेला. बुल बार (बंपरपुढे लावतात ते लोखंडी गज) तर 2017 च्या डिसेंबरपासून बंदच आहेत.

टॉपचं सोपं आहे, छत उघडून फिरायला पूर्वी कन्व्हर्टिबल मिळायची, कोकणातल्या पावसात रोज वापरायची असेल तर पक्क्या छताची हार्डटॉपच बरी.

ॲक्सेसरीजचे पैसे वाचवून आधी हवा भरायचा चांगला कंप्रेसर, हवा मोजायचा प्रेशर गेज आणि अडकलेली गाडी ओढायचा टो स्ट्रॅप घ्या. वाळूत-चिखलात टायरची हवा 18-20 पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबर लागायच्या आधी परत भरायची, कमी हवेत हायवेला पळवली तर टायर तापून फाटतो.