रस्त्यावरून वाचता येईल असा जाड अक्षरांचा फ्लेक्स

दारव्ह्याजवळ आमच्या बचत गटाचा ‘शुद्ध तूरडाळ’ असा फ्लेक्स लागला, अन् एसटीतून पाहिलं तर ‘द्ध’चा नुसता काळा गोळा!

ठळक भौमितिक अक्षरासाठी पॉपिन्स फॉन्ट घ्या. देवनागरीसकट फुकट मिळतो. सर्वांत जाड ‘ब्लॅक’ साध्या अक्षरांनाच शोभतो. जोडाक्षर आलं की ‘बोल्ड’ पुरे. दोन ओळींत मोकळी जागा सोडा, नाहीतर वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मग डिझाइन मोबाईलवर नखाएवढं करून, हात लांब धरून वाचा. हे मात्र चुकवू नका.

फ्लेक्सवाल्याला अक्षरांचे कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरं चित्रासारख्या आकारांत बदलूनच, पीडीएफ द्या. त्याच्याकडे फॉन्ट नसला की जोडाक्षरं फुटतात.

कर्व्ह केल्यावर मजकूर टाइप करून बदलता येत नाही. शुद्धलेखन आधी तपासा, मूळ फाइल वेगळी ठेवा.