पांढरं सिमेंट भरून घेताना

"डॉक्टर, किडलेल्या दातात चांदी नको, पांढरंच भरा," असं सांगत येणारेच हल्ली जास्त. भरते की! पण हे काम निम्मं माझ्या हातात असतं आणि निम्मं तुमच्या तोंडात.

आधी रंग. दात सुकला की पांढुरका दिसतो. तेव्हा जुळवलेलं फिलिंग दुसऱ्या दिवशी, दात मूळ रंगावर आला की, उठून दिसतं. म्हणून मी भुलीच्या आधीच खिडकीच्या उजेडात शेड गाइड, म्हणजे दातांच्या रंगछटांचे नमुने, धरून बघते. लिपस्टिक पुसून या. दात ब्लीच करायचं मनात असेल तर तेही आत्ताच सांगा. ब्लीचने दात उजळतो, सिमेंट नाही. आधी ब्लीच, मग दोनेक आठवड्यांनी फिलिंग.

कीड काढली की ३७ टक्के फॉस्फोरिक अॅसिडचं जेल साधारण १५ सेकंद लावते. दाताला डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात, बाँडिंग, म्हणजे सिमेंट चिकटवणारं द्रव, त्यात शिरून पकड घेतं. जेल धुऊन झाल्यावर लाळ लागली की पुन्हा पहिल्यापासून. त्यासाठीच दाताभोवती ते रबराचं शीट. नाकाने श्वास घ्या, त्रास झाला तर हात वर करा, पण जिभेने चाचपू नका. कीड हिरडीखाली गेली असेल आणि जागा कोरडी राहतच नसेल, तर मी हट्ट करत नाही, जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट) भरते. दिसायला डावं, पण थोडी ओल सोसतं.

मग २ मिलिमीटरचे थर, प्रत्येकावर निळा लाइट साधारण २० सेकंद. थर जाड झाला तर वरून टणक, आत कच्चा. तेव्हा "आटपा लवकर" म्हणू नका.

शेवटी फिलिंग कुठे उंच राहिलंय ते बघायला रंगीत कागद चावायला देते. तोंड बधिर असल्याने सगळे "बरोबर आहे" म्हणतात. दुसऱ्या दिवशी घास चावताना कळ आली तर या, उंचवटा घासून देते. गार पाणी काही दिवस झोंबेल, पण रात्री आपोआप ठणकायला लागलं तर वाट बघू नका, दुखणं दाताच्या आतल्या नसेपर्यंत गेलेलं असू शकतं.

लाइटने सिमेंट लगेच घट्ट होतं. तरी ओठ बधिर आहे तोवर गरम चहा नको, ओठ चावला जातो किंवा भाजतो. मशेरी लावणाऱ्यांच्या फिलिंगच्या कडेला काळी रेघ येणारच, त्याला माझ्याकडे औषध नाही. दोन दाढांच्या फटीत भरलं असेल तर पहिल्याच जेवणात लक्ष ठेवा. मटणाचा धागा दर वेळी तिथेच अडकत असेल तर काडीने टोकरत बसू नका. तो सांधा मला पुन्हा करावा लागेल.