नाशिकहून ईसीएसी आइस हॉकीची बाद फेरी पाहताना
अमेरिकेतील ईसीएसी या बारा महाविद्यालयीन संघांच्या पुरुष आइस हॉकी स्पर्धेची बाद फेरी पाहायची असल्यास आधी साखळीचा गुणतक्ता समोर ठेवावा, कारण पहिल्या चार संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते आणि उरलेल्या आठ संघांचे भवितव्य एकाच सामन्यात ठरते. उपांत्यपूर्व फेरीत तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात. माझ्या मते खरा कस तिथेच लागतो. शेवटचे सामने न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड या गावी होतात. विजेत्याला सोळा संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून तिकडची घड्याळे तासभर पुढे जातात, त्यामुळे तेथील संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेचार. सातपूरला सातची पाळी असेल, तर डबा रात्रीच भरून ठेवावा. बरोबरी झाल्यास गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा डाव चालतात. पक ही जेमतेम तीन इंच व्यासाची काळी रबरी चकती असल्याने तिच्यामागे नजर धावडवू नये. गोलरक्षकाचे गुडघे पाहावेत, ते टेकले की फटका आलाच म्हणून समजावे.