चादरीची सावली पीएनजीमध्ये जशीच्या तशी कशी ठेवावी

गड्ड्याची यात्रा जवळ आली की सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या दुकानांना व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला पोस्टर लागतं. चादरीचा फोटो काढलेला असतो पांढऱ्या कागदावर आणि पोस्टर असतं मरून रंगाचं. पार्श्वभूमी काढून घडी तिथे ठेवली की सावली तरी गायब होते आणि चादर हवेत तरंगते, नाहीतर सावलीच्या जागी करडा, मळकट पट्टा उमटतो. सॉफ्टवेअरमध्ये मात्र तीच सावली झकास दिसत असते.

गोची आहे 'मल्टिप्लाय' या ब्लेंडिंग मोडची, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळण्याच्या पद्धतीची. हा मोड सावलीचा रंग खालच्या थराच्या रंगाशी गुणतो, म्हणून खालचा मरून फक्त गडद होतो. पण पीएनजी या चित्राच्या फाइलप्रकारात प्रत्येक पिक्सेलचा रंग आणि त्याची पारदर्शकता एवढंच साठतं; मोड साठवायची सोयच नाही. त्यात खाली थरच नसेल तर गुणायचं कशाला? मग सावलीचा करडा रंग जसाच्या तसा फाइलमध्ये उतरतो.

म्हणून सावली करड्या रंगात ठेवायचीच नाही. शुद्ध काळा रंग घ्यायचा आणि फिकट-गडदपणा सगळा पारदर्शकतेवर सोडायचा. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. कागदावर सावलीची किंमत २०४ भरली, तर ती २५५ च्या ८० टक्के झाली. म्हणजे तिथे २० टक्के अपारदर्शक काळा हवा. हा काळा लाल १२८, हिरवा ०, निळा ३२ अशा मरूनवर साध्या, न गुणणाऱ्या नॉर्मल मोडमध्ये ठेवला की रंग होतो १०२, ०, २६. मल्टिप्लायचं उत्तरही नेमकं हेच येतं.

आता प्रत्यक्ष काम. जिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, म्हणून आधी त्यातली रीत.

फोटो उघडून 'कलर्स' मेन्यूतल्या 'लेव्हल्स'मध्ये जा आणि पांढऱ्या बिंदूचा ड्रॉपर कोऱ्या कागदावर टेकवा. कागद सगळीकडे २५५ झाला पाहिजे. २५० राहिला तरी पुढे दोन टक्के काळी झाक उरते आणि फिकट पार्श्वभूमीवर फोटोच्या चौकोनाची कड दिसते. कडेचे कोपरे हटत नसतील तर खोडून टाका, पण सावली जिथे विरते तिथे खोडरबर अजिबात लावू नका.

मग थराची प्रत काढा. वरच्या थरावर पाथ टूलने चादर नीट कापून घ्या, बाकीचं उडवा. खालचा थर फक्त सावलीसाठी. त्याला आधी 'डिसॅच्युरेट' करा, म्हणजे रंग काढून करडा करा, कारण लाल चादरीचा रंग कागदावर पडून सावलीत उतरलेला असतो. नंतर त्याच थरावर 'कलर टू अल्फा' चालवून पांढरा रंग निवडा. पांढरं पारदर्शक होतं आणि करड्याचा पारदर्शक काळा होतो.

घाईत हा आदेश चादरीच्या थरावर चालवू नका. जकार्ड विणीतले पांढरे मोर आणि काठाचे पट्टे सगळे आरपार होतात. पोस्टरवर मोराच्या पोटातून मरून रंग डोकावतो.

आणखी एक बारकावा. खालच्या थरात चादरीचा आकारही काळपट होऊन राहिलेला असतो. वरच्या चादरीखाली तो झाकला जातो, पण उजेडाच्या बाजूने कापणी केसभर आत गेली असेल तर तिथे काळी किनार दिसते. त्या बाजूला खालचा थर मऊ ब्रशच्या खोडरबराने पुसून घ्या.

फोटोशॉपवाल्यांनी चादरीचा थर लपवावा, 'चॅनल्स'मध्ये आरजीबीच्या चित्रावर कंट्रोल दाबून क्लिक करावं, निवड उलटी करावी आणि नव्या थरात काळा भरावा. मग जुना करडा थर बंद.

सावली फोटोतली नसून ड्रॉप शॅडोची, म्हणजे सॉफ्टवेअरने पाडलेली असेल तर काम सोपं. फोटोशॉप तिला मुळातच मल्टिप्लाय देतं. रंग शुद्ध काळा असेल तर बेधडक नॉर्मल करा, काही फरक पडत नाही. तपकिरी किंवा निळसर सावली मात्र पीएनजीत हुबेहूब बसत नाही. मल्टिप्लाय लाल, हिरवा, निळा यांना वेगवेगळ्या प्रमाणात गडद करतो, तर पीएनजीत एका पिक्सेलला पारदर्शकतेचा एकच आकडा. माझं मत विचाराल तर पोस्टरला काळीच सावली ठेवा. रंगीत सावलीचा सोस असेल तर पार्श्वभूमीसकट एकत्र फाइल करा.

सेव्ह करताना जेपीजी नको, त्यात पारदर्शकता नाहीच. जीआयएफमध्ये पिक्सेल एक तर दिसतो नाहीतर नाही, त्यामुळे मऊ कडेच्या पायऱ्या होतात. पूर्ण रंगांचा पीएनजी घ्या. वेबसाइटसाठी वेबपीही चालतो.

तयार फाइल पांढऱ्या, बदामी आणि मरून अशा तिन्ही रंगांवर ठेवून पाहा, तीही ब्राउझरमध्ये. जिंपच्या २.१० पासूनच्या आवृत्त्या थर मिसळताना उजेडाचं गणित वेगळं करतात, त्यामुळे तिथे सावली फिकी वाटू शकते. ती बघून गडद करायला गेलात तर बाहेर ती डांबरासारखी दिसेल.

डिझायनरला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून टाकू नका, जेपीजी होऊन पारदर्शकता जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि जमलं तर सावलीचा थर वेगळा ठेवलेली मूळ फाइलही सोबत द्या.